दोन बोटं माया

७ जानेवारी

थोरल्या मुलीने ही डायरी दिली तेव्हा म्हणाली होती, दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलता, थोडं स्वतःशीही बोला. मी म्हटलं, स्वतःशी बोलणाऱ्या शिंप्याकडे कोणी कापड टाकत नाही. डायरी कापडांच्या चिंध्यांखाली पडून होती, ती आज काढली. कारणच तसं घडलं. धाकटी घरी कॉम्प्युटर बनवणार आहे. विकत आणणार नाही, बनवणार. सुटे भाग निवडायचे आणि एकात एक बसवायचे. रेडीमेड कपड्यांना नावं ठेवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे विरोध करायला मला तोंडच राहिलं नाही.

तिचं काम लोकांना सांगताना माझी पंचाईत होते. ती कार्टूनमधल्या माणसांचे कपडे करते. चित्र नाही काढत, खरंच कपडे करते. गळा, मुंडा, बाही, सगळं पडद्यावर बेतायचं, जोडायचं आणि त्या माणसाच्या अंगावर चढवायचं. मग माणूस हलला की कापड कसं पडेल, कुठे चुणी येईल, हे कॉम्प्युटर मोजून काढतो. तिचा जुना लॅपटॉप आता थकला. फ्रॉकचा घेर जरा मोठा केला की त्याला धाप लागते, मग तो तापतो आणि गप्प होतो.

एका मोठ्या स्टुडिओने तिच्याकडे नमुना मागितलाय. एक मुलगी जिना उतरत पळते, अंगात फ्रॉक. बस्स, एवढंच. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पाठवायचा. पसंत पडला तर कायमची नोकरी. मी म्हटलं, "म्हणजे घरबसल्या कायमचं काम." ती म्हणाली, "आधी पसंत तर पडू दे, बाबा."

मी मात्र मनातल्या मनात आतल्या खोलीत तिचं टेबल मांडूनही टाकलं. पुढे माझं दुकान, मागे तिचं. मधे एक पडदा.

१० जानेवारी

आज कॅबिनेटवरून बोलणं झालं. कॅबिनेट म्हणजे ज्या पेटीत सगळे भाग बसतात ती. फोनवर तिने फोटो दाखवले तर एकेक कपाटाएवढी धूडं. मी ठाम सांगायचं ठरवलं, की आपल्या घरात एवढी जागा नाही, पेटी लहानच हवी. दुपारभर वाद घालायची तयारी करून बसलो होतो, पण ती पहिल्याच वाक्याला हो म्हणाली. एक बुटकी, काळी, साधी पेटी तिने दाखवली. वर धरायला कडी आहे. मी म्हटलं, झाडताना उचलायला बरी. ती हसली.

माझं ऐकते पोर. हल्लीच्या मुलांविषयी लोक काहीबाही बोलतात, पण सांगणारा ठाम असला की मुलं ऐकतात.

१४ जानेवारी

पार्टच्या दुकानात गेलो होतो. मी नुसता सोबतीला. दुकानदाराचा चष्मा इतका जाड की माणूस समोर असूनही तो लांबून बघतोय असं वाटतं. त्याने आधी आम्हाला काचेची पेटी दाखवली. आत रंगीत दिवे, पंखे फिरताना हिरवे-जांभळे होतात. मला तर आवडली. धाकटी म्हणाली, "हे दिवे बंद करता येतात का?" चष्मेवाल्याचा चेहरा पडला.

मग तिने निवडायला घेतलं आणि मी बघत राहिलो. मी कापड घेताना आधी उलटं करतो. सुलटी बाजू सगळेच छान करतात. हिने मदरबोर्ड हातात घेतला आणि पहिल्यांदा उलटाच केला. मग कडेला किती जागा रिकाम्या आहेत, पुढे अजून मेमरी लावता येईल का, सगळं शांतपणे विचारलं. प्रोसेसर सगळ्यात वरचा घेतलाच नाही. दुकानदार म्हणाला, नाव आहे हो त्याचं. ती म्हणाली, "माझं निम्मं काम ग्राफिक्स कार्डावर होतं. डोक्याला भारी टोपी घालून पायाला फाटकी चप्पल नको." हे वाक्य माझं आहे. मी एका गिऱ्हाइकाला कोटाबद्दल सांगितलं होतं, ही तेव्हा शेजारी काज करत बसली होती. मला वाटायचं हिचं लक्ष नसतं.

प्रत्येक वस्तूचं वजन मात्र विचारत होती. चष्मेवाला बुचकळ्यात पडला. मी त्याला समजावलं की आमचं टेबल जरा डुगडुगतं.

शेवटी पॉवर सप्लाय. हा सगळ्यांना वीज वाटतो. तिने सगळ्यांची भूक कागदावर मांडली, बेरीज केली आणि त्यापेक्षा बराच मोठा घेतला. मी विचारलं, एवढा कशाला, वीज काय उतू घालवायचीय?

"माया ठेवलीय, बाबा."

शिवणीच्या आत आम्ही जे जादा कापड राखतो ती माया. बाहेरून दिसत नाही. पोर वाढली की उसवायचं आणि कपडा मोठा करायचा. रेडीमेडवाले माया ठेवत नाहीत, म्हणून त्यांचे कपडे वर्षात फेकावे लागतात. हे मी येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगत आलोय. माझ्या मुलीने ते विजेला लावलं. मला त्या दुकानात भरून आलं आणि मी उगाच वायरींची किंमत विचारत बसलो.

२० जानेवारी

आता फक्त ग्राफिक्स कार्ड राहिलंय. कापड कसं पडेल याचा हिशोब तेच करतं. लांबलचक, विटेसारखं असतं. जितकं लांब तितकं दमदार, असा साधारण मामला. आज पेटी घ्यायला पुन्हा दुकानात गेलो. पैसे दिले आणि तेवढ्यात थोरलीचा फोन आला. धाकटी बोलत बाहेर गेली आणि जाताना मला सांगून गेली, की पेटीत कार्डासाठी आतून किती लांब जागा आहे ते मोजा.

टेप गळ्यात होताच. दुकानातून निघताना तो काढायचा राहतो, त्यावरून मुली मला हसतात. आज कामी आला. मोजलं आणि तिला आकडा सांगितला. तिने तिथेच उभ्या उभ्या फोनवरून कार्ड मागवलं. माझ्या मापावर तिने दुसऱ्यांदा टेप लावला नाही. तिच्या एवढ्या मोठ्या कामात माझंही एक माप लागलं, हे मला फार आवडलं.

बहिणी-बहिणी बराच वेळ बोलत होत्या. धाकटीचे डोळे लाल दिसले. म्हणाली, धूळ.

२५ जानेवारी

कार्ड यायचंय तोवर पोरीने घर हातात घेतलंय. माझ्या मशिनची मोटर दुरुस्त करून आणली. सुईजवळचा दिवा बदलला, आता दोरा एका झटक्यात ओवता येतो. दुकानात काज करायला येतात त्या काजवाल्या बाईंना सांगून टाकलं की उद्यापासून अर्ध्या दिवसाऐवजी पूर्ण दिवस या. मला फोनवर फोटो काढून गिऱ्हाइकाला पाठवायला शिकवलं. तीनदा शिकवलं, कारण मी दोनदा माझाच अंगठा पाठवला.

काजवाल्या बाई म्हणाल्या, पोर फारच काळजी घेतेय तुमची. मी म्हटलं, आता तिचं स्वतःचं काम वाढणार, दुकानात बसायला वेळ कुठला मिळणार? म्हणून आधीच सगळी सोय लावतेय. बाईंनी मान खाली घालून काज पुढे चालवलं. त्यांच्या तोंडात दोरा होता.

३० जानेवारी

कार्ड आलं आणि बसलं नाही.

बाकी सगळं जागेवर गेलं होतं. टेबलावर चादर अंथरून ती काम करत होती आणि मी दोन गिऱ्हाइकांना उद्या या म्हणून परत पाठवलं होतं. प्रोसेसर तिने असा ठेवला की ठेवल्याचा आवाजही नाही. वायरी मागच्या बाजूने नेल्या, अस्तराखालून नेतात तशा. आतली बाजू इतकी स्वच्छ की उलटी घालून मिरवावी. मग कार्ड उचललं. एक टोक खाचेत गेलं, दुसरं पुढच्या पंख्याला अडलं. बोटभर कमी. तिने फिरवून बघितलं, तिरकं करून बघितलं. मग खाली ठेवलं आणि खोक्यावरचा आकडा वाचला.

"बाबा, तुम्ही आतलंच माप घेतलं होतं ना?"

मी म्हटलं, हो तर, टेप जुना आहे, आकसला असेल. ती बरं म्हणाली. सील फोडलेलं कार्ड परत घेत नाहीत. नमुना पाठवायला आता फार दिवस उरले नाहीत.

टेप आकसलेला नाही, हे मला बोलतानाच ठाऊक होतं.

३१ जानेवारी

सकाळी दुकान उघडायच्या आधी तिला सांगितलं. मी माप बरोबर घेतलं होतं, पण सांगताना दोन बोटं माया धरून सांगितलं. मुद्दाम नाही. माझं तोंडच तसं वळलंय. कोणाच्या छातीचं माप घेतलं की तोंडातून माया धरूनच आकडा बाहेर पडतो. इतकी वर्षं लिहून घेणारी हीच होती, हिचं कधी चुकलं नाही, कारण कापडाला ते बरोबरच असायचं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता रागावणार, आणि रागवायलाच हवं होतं. पण ती हसायला लागली, इतकी की खाली बसली.

"बाबा, पेटी म्हणजे अंग नाही. पेटी म्हणजे कपडा. अंग ते कार्ड."

खरंच की. मी कपड्याचं माप घेतलं आणि कपड्यालाच माया दिली. अशी चूक जगात शिंप्याखेरीज कोणी करणार नाही. गवंड्याने केली नसती, सुताराने केली नसती.

हसणं थांबल्यावर ती उठली आणि पेटीसमोर बसली. मी अशी एकाग्रता फक्त तिच्या आईत पाहिली होती, कात्री कापडाला लावायच्या आधीची. आई गेली तेव्हा धाकटी शाळेतही जात नव्हती. हे तिने पाहिलेलं नाही, तरी कुठून तरी आलंय. थोड्या वेळाने धाकटीने पुढचा पंखा सोडवला आणि पत्र्याच्या आतून काढून पत्र्याच्या बाहेरून लावला. पंख्याची जाडी जेवढी, तेवढी आत जागा झाली. कार्ड टक्कन बसलं. तो आवाज ऐकून मी देवाचं नाव घेतलं.

आता पंखा पुढे आला, त्यामुळे पेटीचं पुढचं झाकण लागेना. ती म्हणाली, राहू दे उघडं, धूळ जाईल तेवढी जाईल. मी म्हटलं, थांब, आता हे माझं खातं आहे. जाळीचं कापड होतं, त्याला चारी बाजूंनी इलॅस्टिक घातलं आणि पेटीच्या तोंडावर चढवलं. हवा आत जाते, धूळ जात नाही. या वेळी मापाला माया धरली नाही, उलट थोडं कमीच घेतलं, इलॅस्टिक असल्यामुळे.

१ फेब्रुवारी

चालू झाला. म्हणजे आधी नाही झाला. बटण दाबलं, पंखे फिरले, पडदा काळाच. मी प्लग दाबून बघितला. ती मात्र शांतपणे म्हणाली, "मेमरी नीट बसली नसेल," आणि पट्टी काढून पुन्हा दाबली. पडदा उजळला. काजवाल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. मी आतल्या खोलीत जाऊन पाणी पिऊन आलो.

रिकामी खोकी आणि थर्माकोल भंगारात द्यायला काढले तर ती म्हणाली, एकही टाकायचं नाही. असो. पोटमाळ्यावर ठेवले.

८ फेब्रुवारी

फ्रॉक पाहिला. लॅपटॉपवर जे दिवसभरात होत नव्हतं ते आता चहा होईस्तोवर होतं. मुलगी पळते, जिना उतरते, फ्रॉक उडतो. धाकटीने विचारलं, "कसा वाटतो? शिंपी म्हणून सांगा, बाबा म्हणून नको."

मी पुन्हा पुन्हा बघितला. मुंडा सुरेख. बाहीची चुणी बरोबर जिथे यायची तिथे. पण खालचा काठ हलका होता, पतंगाच्या कागदासारखा. मी म्हटलं, खाली दुमड आहे ना? ती म्हणाली, आहे, रेघ काढलीय. मी म्हटलं, रेघ नको, कापड पाहिजे. लहान पोरीच्या फ्रॉकला आत माया असते. तिथे कापड तिहेरी होतं, जड होतं. पोर आधी पळते आणि काठ मागून झोका घेत येतो. पोर थांबते तरी काठ थांबत नाही.

"पण आतलं दिसणारच नाही, बाबा."

"दिसणार नाही. पडताना कळेल."

ती लगेच कामाला बसली. कोणाला कधी दिसणार नाही असं कापड ती फ्रॉकच्या आत दुमडत होती आणि मी मागे उभा होतो. माझ्या उभ्या आयुष्यात माझं काम कोणी एवढ्या मनावर घेतलं नव्हतं.

१३ फेब्रुवारी

आज नमुना पाठवला. पाठवण्याआधी मला शेवटचा दाखवला. काठ आता झोका घेतो. बघताना माझ्या हाताला त्याचं वजन लागलं, खोटं नाही लिहीत.

आणि एक गोष्ट तिने आपणहून केली होती. फ्रॉकच्या खालच्या बाजूला एक फिकट आडवी रेघ. तिच्या वर रंग विटलेला, खाली गडद पट्टा. मला कळायला क्षणभर लागलं. माया सोडून मोठा केलेला फ्रॉक असाच दिसतो. जुन्या दुमडीची खूण राहते. तिचा एक निळा फ्रॉक मी असाच दोनदा उसवून वाढवला होता. मी म्हटलं, ही रेघ कशाला, ती झाकायला आम्ही वरून लेस लावतो. ती म्हणाली, "मला आवडायची. आरशात बघितलं की कळायचं, मी एवढी वाढले."

२१ फेब्रुवारी

पसंत पडला. त्यांनी लिहिलंय की फ्रॉक खरा वाटतो आणि का वाटतो ते सांगता येत नाही.

मी पेढ्याला पैसे काढले तेव्हा ती म्हणाली, बसा, बाबा. नोकरी तिथे आहे. त्यांच्या गावात, त्यांच्या इमारतीत. तिथे एका खोलीत राहायचं आणि स्टुडिओचं खोलीवर आणलेलं काम या कॉम्प्युटरवर करायचं. हे पहिल्यापासून असंच होतं. थोरलीला माहीत होतं. काजवाल्या बाईंना माहीत होतं. मी तर पेटीच्या कडीचं कौतुक करून बसलो होतो. कडी धरायला असते, एवढं शिंप्याला कळू नये?

ती म्हणाली, "तुम्ही नको म्हणालात तर मी जाणार नाही. खरंच नाही जाणार. पहिल्या तारखेच्या आत त्यांना कळवायचंय."

मी उठून मशिनवर जाऊन बसलो. एक झब्बा उगाचच उसवला.

२३ फेब्रुवारी

राग आहे. कोणावर ते ठरत नाही. तिने लपवलं म्हणावं, तर ती 'आधी पसंत तर पडू दे' एवढंच म्हणाली होती, नोकरीबद्दल खोटं एकदाही बोलली नाही. मीच प्रत्येक वेळी माया धरून ऐकलं.

२६ फेब्रुवारी

काल आणि आज गिऱ्हाइकांचं काम बाजूला ठेवलं. जाड कॅनव्हास काढलं, आत अस्तर, मधे फोमचा थर. पेटीचं माप मी स्वतः घेतलं, तीनदा. पेटी हे या वेळी अंग होतं, त्यामुळे माया धरायची होती आणि मी मनसोक्त धरली. खांद्यावर घ्यायला रुंद पट्टे लावले. दोन टिपा पुरतात तिथे चार मारल्या.

पिशवी तिच्या टेबलावर ठेवली आणि दुकानात येऊन बसलो. ती बाहेर आली तेव्हा पिशवी तिच्या हातात उलटी केलेली होती. तिने आत बघितलं होतं.

"एवढी माया, बाबा?"

"पुढे मोठी पेटी घेशील," मी म्हटलं. "पट्टे खांद्याला लावून बघ. आखूड असतील तर आत्ताच सांग."

तिने लावून बघितले. आखूड नव्हते. मग तिने ती पिशवी घातलेल्या खांद्यानेच मला मिठी मारली आणि काजवाल्या बाई उठून बाहेर गेल्या. मी रडलो, हे लिहून ठेवतो. माझी मुलगी सुटे भाग निवडून नवं आयुष्य उभं करू शकते आणि त्यात एक भाग मी आहे, याचं ते रडू होतं. थोडं दुसरंही होतं.

४ मार्च

गेली. गाडीत पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. जाळीचं झाकण लावलेलंच होतं.

दुकान आणि तिच्या खोलीमधला पडदा मी अजून लावलेला नाही. मागची खोली दिसत राहते.

१२ मार्च

आज फोन आला. कॉम्प्युटर पहिल्या झटक्यात चालू झाला. खोली बरी आहे, पण खिडकीला पडदा नाही आणि दुपारी कॉम्प्युटरवर ऊन येतं, काम दिसत नाही. पडदा शिवाल का म्हणाली आणि माप सांगितलं. मी विचारलं, माया धरून सांगितलंस का नुसतं? ती म्हणाली, "नुसतं, बाबा. माया तुम्ही धरा."

गडद निळं कापड होतं, तेच घेतलं. खालच्या दुमडीत चांगलं वीतभर कापड आत ठेवलंय. ती पुढे घेईल त्या खोलीची खिडकी मोठी असेल.